दुबार माती

गिरजामाय माती चाटायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिला पाहून मला पहिल्यांदा जी वाटली ती किळस, आणि ती याच गोष्टीची. खड्ड्याच्या भिंतीतून ती नखानं चिमूटभर माती उकरायची, जिभेच्या टोकावर ठेवायची, डोळे बारीक करून दोनदा मचमच करायची आणि बाजूला पचकन थुंकायची. मग निकाल द्यायची, "राखट." नाहीतर "खारी." नाहीतर "अळणी हाय, पान्यानं वाहून आल्याली." दिवसातून वीस वेळा तरी हा प्रकार चाले. ज्या मातीत उंदरांची बिळं, मेलेल्या जनावरांची हाडं आणि कोण जाणे किती पिढ्यांची घाण मुरलेली, ती माती ही बाई तोंडात घालते, या विचारानं पहिल्या दुपारी माझ्या घशाखाली भाकरी उतरली नाही.

मी तेव्हा पुण्याच्या एका कॉलेजात शिकत होतो. दुसरी मोठी लढाई चालू होती, पण आमच्यापर्यंत तिची झळ फारशी आली नव्हती. आमचे सर आम्हा चार विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यात मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, उत्खननाला निघाले. आज परभणी म्हटल्यावर कुणाला परदेश आठवणार नाही, पण आम्हाला तो परदेशच होता. मनमाडला गाडी बदलली की राजा बदलायचा, नाणं बदलायचं, कचेरीची भाषा बदलायची. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायांनी आमच्या ट्रंका उघडल्या आणि आतले कुंचे नि चाळण्या पाहून एकमेकांना विचारलं, "ये रंगारी लोगां हैं क्या?" सेलूच्या फलाटावर उतरलो तर कापसाच्या गठाणी छातीएवढ्या रचलेल्या. तिथून बैलगाडीनं दुधनेच्या काठाकाठानं आम्ही त्या गावी पोचलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं अजून तिची माणसं आहेत.

गावाबाहेर एक उंच टेकाड होतं. गाव त्याला 'पांढर' म्हणायचं. जुनी वस्ती ढासळून, तिच्या भिंतींचीच माती होऊन ते तयार झालेलं. आम्ही पुस्तकं वाचून ते शोधत आलो होतो, आणि गाव मात्र वर्षानुवर्षं तिथली माती पाट्या भरभरून नेत होतं. त्या भागात घरं माळवदाची. पावसाळ्याआधी प्रत्येक छपरावर पांढऱ्या मातीचा ताजा थर पडायचा. कुठली माती पाणी धरून ठेवील आणि कुठली गळेल, हे गिरजामाय जिभेनं सांगायची. आसपासच्या चार गावांत तिनं चाखल्याशिवाय कुणी माळवदावर पाटी टाकत नसे. म्हणून पाटलांनी मजुरांच्या यादीत तिचं नाव सगळ्यात वर घातलं होतं.

बाई पन्नाशीच्या आत-बाहेरची, बुटकी, काटक. जातीनं लिंगायत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात पांढऱ्या दोऱ्यात, कापडात गुंडाळलेलं लिंग. रोज पहाटे आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याखेरीज तिच्या पोटात पाण्याचा थेंब जात नसे. माती चाखायच्या आधी ती डाव्या हातानं ते लिंग हळूच पदराआड सारायची. उष्टी-खरकटी माती त्याच्या नजरेला पडू नये म्हणून असावं. हे मी रोज पाहत होतो, पण पाहणं आणि लक्षात घेणं यात फरक असतो, तो मला शिकायचा होता.

आमच्या तंबूतलं पाणी ती प्यायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तुमी सकाळी उठून बिनआंघोळीचा चहा पिता. ती पेन्शील तोंडात घालता, तीच हाडाला लावता, पुना तोंडात. शी! आमाला नको बापा तुमचं पाणी." म्हणजे मी तिची किळस करत होतो आणि ती माझी! मला त्याचा भलताच राग आला होता.

तिच्या बोलण्याची आम्ही पोरं टिंगल करायचो. 'माझं-तुझं'ला ती 'मपलं-तुपलं' म्हणायची. संध्याकाळी तंबूत पत्ते खेळताना आमच्यातला एकजण तिच्या आवाजात ओरडायचा, "ह्यो एक्का मपला हाय!" आणि आम्ही लोळायचो. सरही मिशीत हसायचे. त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं, 'चाटूबाई'.

सर विद्वान होते, यात शंका नाही. पण दोन महिन्यांत ते खड्ड्यात उतरले ते एकदाच. एरवी बाभळीखाली वेताच्या खुर्चीत, मांडीवर पांढरा रुमाल पसरून बसायचे. प्रत्येक खापर तीनदा धुऊन मगच त्यांच्या हातात द्यायचं, आणि ते ठेवलं की त्यांनी साबणानं हात धुवायचे. कोपरापर्यंत. त्या साबणाच्या उग्र वासाचं मला तेव्हा फार कौतुक वाटे. मोठेपणी असं असावं, असं वाटे. आज तसला साबण मी घरात ठेवू देत नाही.

एकदा तिनं मला एक पांढुरका तुकडा दिला आणि म्हणाली, "सांग बापू, हाड का दगड?" मी उलटसुलट करून पाहिलं, भिंग लावलं, वजन तोललं. म्हटलं, "दगड असावा."

"असावा का म्हनायलास? जीब लाव. चिटकलं तर हाड, न्हाई तर दगड."

चारपाच मजूर हातातलं काम टाकून बघत उभे राहिले. माझ्या दोस्तांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी डोळे मिटून तुकडा जिभेला लावला आणि तो चिकटला. चांगलाच चिकटला. तो ओढून काढला, बाभळीमागे पळालो आणि सकाळपासूनचं सगळं तिथं ओकलो. मग तंबूत जाऊन औषधी पाण्यानं तीनदा चुळा भरल्या. परत आलो तर गिरजामाय खुरप्यावर हनुवटी टेकून बसली होती, हसत नव्हती. "येवढा वीट आला?" ती म्हणाली. "आरं, ज्या मातीवर आपलं समद्यांचं घर हाय, तिचा येवढा वीट?"

तिचं म्हणणं खरं ठरायचं, हीच आमची अडचण होती. एके ठिकाणी तिनं चिमूट तोंडात घातली आणि म्हणाली, "चूल हाय हितं. जवळच." सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "राखेची चव काय, कुणालाही कळेल." दुसऱ्या दिवशी हातभर खाली तीन दगडांची काजळलेली चूल निघाली. सरांनी तिचं रेखाटन करून घेतलं, मोजमापं घेतली आणि म्हणाले, "योगायोग." मी रोजवहीत लिहिलं: चूल, अमुक थर, सरांच्या निरीक्षणानुसार.

याच काळात तिचा एक शब्द मात्र मी उचलला. दुबार. पेरलेलं वाया गेलं की कुणबी दुबार पेरतो, तो शब्द ती मातीला लावायची. एकदा खणून पुन्हा भरलेली माती म्हणजे दुबार. जुन्या थरात नंतर कुणी खड्डा घेतला आणि बुजवला, तर तिथं वरची नि खालची माती एकमेकींत कालवते, रंग जवळपास तोच राहतो, आणि भलेभले फसतात. त्या खड्ड्यातली वस्तू कालची असली तरी तळच्या थरातली, म्हणजे हजारो वर्षांची, वाटते. गिरजामायची जीभ तिथं फसत नसे. "दोन चवी लागायल्यात," म्हणायची. मी वहीत 'दुबार' असंच लिहू लागलो. पुढे आयुष्यभर किती भाषांतली पुस्तकं वाचली, पण इतका नेमका शब्द मला दुसरा मिळाला नाही.

पंधरा दिवसांनी एकदा निजाम सरकारचा महसुली अंमलदार, गिरदावर, घोड्यावरून यायचा. सापडलेल्या वस्तूंची उर्दूत यादी करायची आणि तिच्यावर शिक्का मारायचा, हे त्याचं काम. खापरांच्या टोपल्या पाहून त्याचा चेहरा पडायचा. "सोना-वोना कुछ निकला क्या जी?"

"निकला की, साहेब," गिरजामाय म्हणाली. "तुमच्या आज्याचं गाडगं निकला."

गिरदावर हसला, पण जाताना सरांना म्हणाला, नुसत्या ठिकऱ्यांवर पुढच्या साली परवाना मिळणं मुश्किल दिसतं. सर त्या दिवशी जेवले नाहीत. दोन महिने संपत आले होते आणि दाखवायला हाती काही नव्हतं.

त्यानंतर दोनच दिवसांत आम्ही ईशान्येचा कोपरा घेतला. दोन हात खाली गेलो असू. गिरजामायनं चिमूट तोंडात घातली आणि थांबली. जरा बाजूला सरकून दुसरी चिमूट घेतली. या वेळी ती थुंकली नाही. गिळली. मी समोरच होतो, तिच्या गळ्याची हालचाल मला स्पष्ट दिसली.

"दुबार हाय," ती म्हणाली. "हितं नका उकरू."

मी सरांना जाऊन सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. "बाईला म्हणावं, आपण उकरायलाच आलोय."

तिनं खुरपं खाली ठेवलं आणि जाऊन पांढरीच्या कडेला पाठमोरी बसली. आम्हाला वाटलं, कामाचा कंटाळा.

दुपारनंतर मडकं लागलं. डोईवर पाणी आणायच्या घागरीएवढं, तोंडावर मातीचं पसरट परळ पालथं घातलेलं. आत भुसभुशीत माती, आणि मातीत हाडं. पाखराची असावीत इतकी बारीक. कवटीच्या पातळ कपच्या. तान्ह्या मुलाला मडक्यात घालून पुरायची चाल फार प्राचीन आहे, हे आम्हाला पुस्तकांतून माहीत होतं. सर खुर्चीतून उठले आणि धोतराचा सोगा धरून पहिल्यांदाच खड्ड्यात उतरले. त्या हाडांजवळ एक काळा, लांबट, गुळगुळीत गोळा होता. सरांनी तो धुवायला न देता तसाच तळहातावर घेतला. "लिंग," ते म्हणाले. "अरे, लिंगपूजेचा इतका जुना पुरावा अजून कुणालाच मिळालेला नाही!"

गोळ्याच्या टोकाला काहीतरी पांढरट लोंबत होतं. मी म्हटलं, "सर, दोरा आहे."

"मुळ्या आहेत," सर म्हणाले. चिमटीनं त्यांनी तो तुकडा तोडला आणि फुंकरीनं उडवून दिला.

मला तेव्हा किळस आली का? नाही आली. मी टाळ्या वाजवल्या. आम्ही चौघांनीही वाजवल्या. मडक्यातली माती त्याच संध्याकाळी चाळून, आणखी काही मिळत नाही असं पाहून, मीच पाटीत भरून उकरलेल्या मातीच्या ढिगावर ओतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटा खापरं धूत बसलो होतो. गिरजामाय आली आणि समोर उकिडवी बसली. एक धुतलेलं खापर उचलून पुन्हा खाली ठेवलं. मग म्हणाली, "बापू, ते मपलं हाय."

मला आधी हसूच यायला लागलं, त्या शब्दाला. मग तिचा चेहरा पाहिला.

"मानमोडीच्या साथीत, पंचवीसेक वर्सं झाली, मालक गेले," ती म्हणाली. "मागून चार रोजानं लेकरू. सात म्हयन्याचं व्हतं. आमच्यात मातीच देत्यात, पर जंगमानं, आमच्या गुरूनं, येऊन समदं करावं लागतंय. जंगमच पडला व्हता आजारी. आमची माती द्यायची जागा नदीपल्याड, अन् नदीला ह्ये एवढं पानी. उचलायला गडी न्हाई गावात. मी एकलीनं पांढरीत खड्डा केला. कोल्ही उकरत्यात, म्हनून मडक्यात ठिवलं. लिंग गळ्यात तसंच ठिवलं. लोकायला सांगितलं, जंगमानं केलं समदं नीट. आजवर कुनाला खरं न्हाई सांगितलं."

"पण जागा तुला माहीत नव्हती का?"

"पांढर किती खचली बाबा. माती नेऊन नेऊन लोकायनी खूणच न्हाई ठिवली. मी बी नेली. काल तोंडात घातली तवा कळलं." मग तिनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "मडकं न्या, परळ न्या. मपलं लेकरू अन् त्याचं लिंग, तेवढं ठिवा. ते दोन येगळं करू न्हाईत. आता जंगम हाय गावात. मी त्याला खरं सांगते, काय व्हायचं ते व्हवू द्या. पर त्याला नीट माती मिळंल."

मी धावत सरांकडे गेलो. खरंच धावत गेलो, एवढं श्रेय मला द्या. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हात धूत होते.

"सर, हे खरं असेल तर?" मी विचारलं.

"खरं असेलही," सर म्हणाले. हेच मला आजवर गिळता आलेलं नाही. ते म्हणाले, "खरं असेलही. पण त्यासाठी पुरावा कोणता? एका बाईची जीभ? तू वहीत काय लिहिलं आहेस त्या कोपऱ्याविषयी?"

"दुबार."

"ते पान बदल."

मी पान बदललं. चांगलं ठसठशीत अक्षर काढलं. 'अखंड थर, ढवळाढवळ नाही.' माझं नाव सरांच्या शोधनिबंधात आभाराच्या यादीत येणार होतं, आणि पुढच्या वर्षी सरांच्या शिफारशीवाचून माझं पान हलणार नव्हतं. खाली सही केली, साबण मागून घेतला आणि हात धुतले. कोपरापर्यंत.

गिरदावर आला, त्यानं शिक्का मारला, अभ्यासासाठी पेटी न्यायची परवानगी दिली. सरांनी गिरजामायला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. ती भांडली नाही. पाटलांकडे गेली नाही. जाऊन सांगणार तरी काय? इतकी वर्षं गावाला खोटं सांगितलं, हे? मलाच एकदा वाटेत गाठून म्हणाली, "हाडं न्हाई देत तर राहू दे. मडक्यातली माती तेवढी दे, बापू. त्याच्या अंगाचीच झाल्याली माती ती. तेवढ्यावर बी जंगम करील."

मी म्हटलं, "देतो, माय. जायच्या दिवशी देतो." तिला माय म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

देतो म्हटलं, कारण नाही म्हणायची हिंमत नव्हती. ती माती मीच दोन महिन्यांच्या ढिगावर ओतली होती. वर आणखी किती पाट्या पडल्या होत्या.

ते मडकं आज एका संग्रहालयात काचेआड आहे. खाली चिठ्ठी आहे, तीत हजारांत वर्षं लिहिलेली आहेत. लिंग वेगळ्या कपाटात, वेगळ्या दालनात आहे. सर गेले, त्यांच्या शोकसभेत मी बोललो, चांगलं बोललो. पुढे मीही खुर्चीत बसलो, मलाही पोरं खापरं धुऊन आणून द्यायची. भरलेली माती कशी ओळखायची, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, रंग पाहा, दाबून पाहा. तिसरी रीत मी कुणाला सांगितली नाही. त्या कपाटासमोर कधी उभा राहिलो की तोंडात मातीची चव येते, आणि ती चव मातीची नाही, माझी आहे, हे मला माहीत असतं.

जायच्या दिवशी सकाळी बैलगाडी भरून उभी होती. पेटी गवतात नीट बसवली होती. गिरजामाय आली. आंघोळ केलेली, भस्म लावलेली, हातात धुऊन वाळवलेलं पांढरं फडकं. मी ते घेतलं, ढिगाच्या पलीकडे गेलो, हाताला लागली ती माती ओंजळभर घेतली, गाठ मारली आणि आणून तिच्या हातात दिली. माती मातीसारखीच दिसते, असं मनाशी म्हणालो. दोन महिने तिच्यासमोर बसून मी एवढंच शिकलो होतो. ती ही मातीसुद्धा चाखेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

तिनं गाठ सोडली. डाव्या हातानं गळ्यातलं लिंग पदराआड सारलं. चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे बारीक केले.

"ही न्हाई, बापू," ती म्हणाली.

सरांनी गाडीतून हाक मारली.

तिनं फडक्यातली माती ढिगावर ओतली, फडकं झटकलं, घडी करून कमरेला खोचलं. "छपराची हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रोज निकाल द्यायची तसाच दिला. "लय चांगली हाय. गळायची न्हाई."

मी गाडीत चढलो. गाडी निघाली तेव्हा ती ढिगाशी खाली बसली होती. मी मागे तोंड करून बसलो होतो, त्यामुळे मला सगळं दिसलं. तिनं एक चिमूट उचलली, तोंडात घातली, थुंकली. जराशी सरकली, दुसरी उचलली, थुंकली. ढीग दोन पुरुष उंच होता. गाडी दुधनेच्या वळणाला लागेपर्यंत मी पाहत होतो, आणि ती थुंकतच होती.